मदत हवी आहे: दातांचा ब्रिज एका बाजूने सुटलाय, कापायलाच हवा का?

घाईगडबड (धागाकर्ता)
खालच्या जबड्यातला ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर टोप्या घालून त्यांना जोडलेला खोटा दात) मागच्या टोकाला हलतोय, पुढचं टोक घट्ट आहे. डॉक्टर म्हणतात, कापून काढायचा आणि नवा करायचा. दुखत काहीच नाही, एक्स-रेही स्वच्छ. मग हलणाऱ्या बाजूत थोडं सिमेंट सोडून दाबून बसवता येत नाही का? नवा ब्रिज गळ्यात मारताहेत असं वाटतंय. शुक्रवारी बाहेरगावी निघायचंय. 'दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा' एवढंच कृपया लिहू नका.

मोजपट्टी
किती युनिटचा, म्हणजे टोप्या आणि खोटा दात मिळून किती दातांचा? कुठले दात? आतून मेटल की झिरकोनिया (पांढरं, कडक सिरॅमिक)? मागच्या दाढेचं रूट कॅनल झालंय का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानमेवा
मुळात ब्रिजच नको. इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करा, शेजारचे दात घासून बारीक करावे लागत नाहीत.

मोजपट्टी
रानमेवा, त्यांचे शेजारचे दात आधीच घासून बारीक केलेत. आता इम्प्लांट केलं तरी त्या दोन्ही दातांना कॅप लागणारच.

घाईगडबड
तीन युनिट. डावीकडची पहिली मोठी दाढ नाही, तिच्या पुढच्या-मागच्या दातांवर बसवलाय. सिरॅमिक, आतून मेटल. सात वर्षं झाली. मागच्या दाढेचं रूट कॅनल झालंय, पुढचा दात जिवंत आहे. पण मी विचारलं काय होतं?

मोजपट्टी
उत्तर त्यातच आहे. रूट कॅनल झालेल्या दाढेत नस उरत नाही, त्यामुळे आत कितीही कीड लागली तरी ठणका लागत नाही. आणि एक्स-रे मेटलच्या आरपार जात नाही; टोपीच्या (कॅपच्या) कडेखालचा भाग तेवढा दिसतो. म्हणजे 'दुखत नाही' आणि 'एक्स-रे स्वच्छ' हे दोन्ही पुरावे इथे बाद.

घरी तपासा: आरशासमोर उभे राहा, ती जागा ओली असू द्या, मागच्या टोपीवर बोटाने दाबा-सोडा करा. हिरडीच्या कडेने लाळेचे बारीक बुडबुडे आले तर आतलं सिमेंट विरघळलंय आणि प्रत्येक घासाला टोपी पंपासारखी लाळ आत-बाहेर करतेय. बोटाचा वास घ्या, बाकीचं तोच सांगेल.

दोन्ही टोकं सुटली असती तर परवडलं असतं. ब्रिज हातात येतो, साफ करून पुन्हा लावायचा विचार तरी होतो. एकच टोक सुटलं की दुसरं त्याला धरून ठेवतं आणि खाली दाढ गुपचूप कुजते.

घाईगडबड
ठीक. पण सिमेंट आत का सोडता येत नाही?

लॅबकट्टा
नीट बसलेल्या टोपीखाली सिमेंटचा थर साधारण २५ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा) हवा. तुमच्याकडे आत जुनं सिमेंट, लाळ, कदाचित कीड. ब्रिज पूर्ण उचलल्याशिवाय ते पुसता येत नाही, दात कोरडा करता येत नाही. वरून कोंबलेलं सिमेंट कडेशी गोळा होतं आणि आतली घाण सीलबंद करतं.

जुनाजाणता
जुन्या झिंक फॉस्फेट सिमेंटने बसवला असता तर हे झालंच नसतं. थंड काचेवर पावडर थोडी थोडी घालत दीड मिनिट घोटायचं, स्पॅच्युला उचलल्यावर दीड-दोन सेंटीमीटर तार निघाली की भरायचं. आताचे लोक तयार सिमेंटची कॅप्सूल फोडतात.

लॅबकट्टा
सिमेंट म्हणजे फेविकॉल नव्हे हो. झिंक फॉस्फेट दाताला चिकटतही नाही, नुसतं अडकवून ठेवतं. टोपी टिकते ती खुंटाच्या (टोपीसाठी घासून उरलेल्या दाताच्या) उंचीवर आणि बाजूंच्या उतारावर. दाढेचा खुंट किमान ४ मिमी उंच हवा. शेवटची दाढ आधीच बुटकी, त्यात पुढची दाढ काढल्यावर ती रिकाम्या जागेकडे कलंडते. मग दोन खुंट समांतर करायला जास्त घासावी लागते आणि खुंट शंकूसारखा होतो. असा खुंट कुठल्याही सिमेंटने सुटेल. नव्या ब्रिजच्या वेळी खुंटाच्या बाजूंना उभ्या खाचा पाडायला सांगा.

जुनाजाणता
मग रेझिन सिमेंट कशाला विकतात?

मोजपट्टी
ते चिकटतं, पण कोरड्या जागी. शेवटच्या दाढेशी जीभ आणि लाळ असताना कोरडं ठेवून दाखवा.

नीटनेटकी
ब्रिजखालून सुपरफ्लॉस (सफाईचा जाड दोरा) रोज घालावा. टोकाचा कडक भाग मधल्या खोट्या दाताखालून ओवायचा, मग फुगीर भाग पुढे-मागे ओढायचा.

घाईगडबड
आभार, पण ब्रिज राहिला तर फ्लॉस.
बुडबुडे आले. वासही आला. पण ठोकून अख्खा काढता नाही का येणार? कापला की वायाच.

मोजपट्टी
सरकत्या वजनाचा ठोका देऊन काढायचं हत्यार असतं. पण तुमचं पुढचं टोक घट्ट आहे, ठोक्याने त्या लहान दाताचा खुंटच मोडून टोपीत यायचा. म्हणून फक्त पुढची टोपी गालाच्या बाजूने वरपर्यंत चिरतात: सिरॅमिकला डायमंड बर (ड्रिलचं फिरतं टोक), मेटलला कार्बाइड, वर पाण्याचा फवारा. चीर सिमेंटपर्यंत गेली की चपटं हत्यार घालून पिळतात, टोपी फाकते. मागची आपोआप येते.

आणि लगेच वाया जात नाही. चीर कॉम्पोझिटने (दातात भरायच्या पांढऱ्या मसाल्याने) बुजवून तोच ब्रिज तात्पुरत्या सिमेंटने महिनाभर चालवता येतो, अर्थात मागचा खुंट जागेवर असला तर. पुढे रेझिन सिमेंट वापरणार असतील तर तात्पुरतं सिमेंट लवंगतेलाचं, म्हणजे युजेनॉलवालं नको. त्याने रेझिन नीट घट्ट होत नाही.

नव्या ब्रिजचा निर्णय कीड काढल्यावरच. हिरडीच्या वर सगळीकडून दीड-दोन मिमी निरोगी दात उरला तर ती दाढ वापरता येते. नाही उरला तर रानमेवांचं इम्प्लांट.

रानमेवा
म्हटलं होतं!

घाईगडबड
बरं, आल्यावर करतो. तोवर फेविक्विक?

लॅबकट्टा
अजिबात नको. हिरडी भाजते आणि टोपी वाकडी चिकटते. चिक्की, च्युइंगगम, मऊ खजूर त्या बाजूला नको. हाताने ओढू नका. प्रवासात सुटून हातात आलाच तर डबीत ठेवा, टिश्यूत गुंडाळलेला कचऱ्यात जातो. सुटलेला ब्रिज परत तोंडात घालून झोपायचं नाही, श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्यापेक्षा निघायच्या आधी कापून घ्या.

घाईगडबड
गुरुवारी सकाळची वेळ घेतली. भूल देतील ना?

मोजपट्टी
हो, पुढचा दात जिवंत आहे. खालच्या जबड्याचं इंजेक्शन म्हणजे अर्धा ओठ आणि जीभ काही तास बधिर. तोवर गरम चहा नको, ओठ भाजलेला कळत नाही.