एकाच उन्हाळ्यात छाती फिकट आणि मांडी गडद, असं का?

मी कोंबडीच्या मांसाच्या प्रक्रिया केंद्रात तपासणीला असते. काल उन्हातून आलेल्या पक्ष्यांची छाती फिकट, लिबलिबीत निघाली. बोटानं दाबलं की खळगा तसाच, ट्रेमध्ये पाणी साचलेलं. दुसऱ्या गाडीतल्या पक्ष्यांच्या मांड्या मात्र गडद, चिकट. प्रवास दोघांनीही केला, मग परिणाम उलटा कसा?

> कोंबडीला घामग्रंथी नसतात, मुख्यतः धापा टाकून ती अंग थंड करते. तापलेली, भेदरलेली असताना कापली की ग्लायकोजेनचं (स्नायूत साठवलेल्या साखरेचं) भराभर लॅक्टिक आम्ल होतं. स्नायू ४० अंशांच्या आसपास गरम असतानाच पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की तो घसरतो) खाली गेला तर मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाची घडी मोडते, पाणी धरवत नाही. पेशीरसातली प्रथिनं तंतूंवर साकळतात आणि उजेड विखुरतो, म्हणून फिकट रंग.

> गडदवाल्यांचा प्रवास लांबचा होता का? उपाशीपोटी ग्लायकोजेन आधीच संपतं. मग आम्ल कमी, पीएच चढा, प्रथिनं पाणी घट्ट धरतात. असं मांस लवकर खराब होतं, ते आधी बाजूला काढा.

हो, रात्रभर गाडीतच होते! बिचाऱ्यांची दमछाक दिसतच होती.

> पीएच कापल्यावर १५ मिनिटांनी आणि पुन्हा २४ तासांनी मोजा, एकट्या आकड्यावर जाऊ नका. आणि क्रेटमधली दाटी आजच कमी करायला सांगा.