होमस्टेडचा संप फसला, फ्लिंटचा यशस्वी झाला, असे का?

प्रश्न
१८९२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील होमस्टेड येथे, कार्नेगी यांच्या पोलाद कारखान्यातील कामगारांनी पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेच्या सुमारे ३०० सशस्त्र माणसांना नदीकाठी शरण यायला लावले. तरीही लढा फसला आणि कारखान्यातील संघटना मोडली. उलट १९३७ मध्ये मिशिगनमधील फ्लिंट येथे जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीला संघटनेशी करार करावा लागला. हा फरक कशामुळे पडला असावा?

प्रतिसाद १
माझ्या मते मुख्य कारण जागेचे आहे. होमस्टेडला टाळेबंदी झाल्यामुळे कामगार फाटकाबाहेर होते आणि राज्याचे सैन्य आल्यावर त्याच्या संरक्षणात बदली कामगार आत नेता आले. फ्लिंटला ३० डिसेंबर १९३६ पासून कामगार यंत्रांजवळच ठाण मांडून बसले, त्यामुळे त्यांच्या जागी कोणाला आणणेच शक्य नव्हते. त्यातही १ फेब्रुवारीचा डावपेच विलक्षण होता: जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले विभागाच्या नऊ क्रमांकाच्या कारखान्यात मुद्दाम गडबड उडवून कंपनीचे रक्षक तिकडे गुंतवले गेले आणि तेवढ्या वेळात इंजिने बनवणारा चार क्रमांकाचा कारखाना ताब्यात घेण्यात आला. त्या वेळी आतल्यांना अश्रुधुराचा त्रास होऊ नये म्हणून स्त्रियांच्या पथकाने बाहेरून खिडक्यांच्या काचा फोडल्या, याचा उल्लेख फार कमी वेळा होतो, याचे मला वाईट वाटते.

प्रतिसाद २
जागेचे महत्त्व मान्य आहे, परंतु सरकारने मनावर घेतले असते तर बैठा संपही मोडता आला असता. १८९४ च्या पुलमन संपात न्यायालयाचा मनाई हुकूम आणि अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी पाठवलेले संघराज्याचे सैन्य यांनी रेल्वे कामगारांना नमवले, आणि त्यांचे नेते युजीन डेब्ज तुरुंगात गेले. फ्लिंटमध्येही कारखाने रिकामे करण्याचा न्यायालयीन आदेश होता, नॅशनल गार्ड हे राज्याचे सैन्यही तैनात होते; मात्र गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी कामगारांना हुसकावण्यासाठी त्यांचा वापर केला नाही. ११ फेब्रुवारीला, ४४ व्या दिवशी, करार झाला. माझ्या दृष्टीने निर्णायक ठरला तो हा संयम.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. मग बैठा संप हे पुढे नेहमीचे हत्यार का झाले नाही?

प्रतिसाद २
१९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याचा असा ताबा घेणाऱ्यांना कामावरून काढण्याचा मालकांचा अधिकार मान्य केला. त्याआधी, १९३८ मध्ये, आर्थिक मागण्यांसाठी संपावर गेलेल्यांच्या जागी कायमस्वरूपी माणसे नेमण्याची मुभाही त्याच न्यायालयाने मालकांना दिली होती. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटना बांधण्याचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क दिला, तो टिकला. परंतु संपकऱ्याला पुन्हा फाटकाबाहेरच उभे राहावे लागले.