गाठीपाशी वाकडी गेलेली पट्टी
मानवेल (बांबूची एक जात) भरीव असते मग फ्लाय रॉड, म्हणजे खोटी माशी फेकून मासे धरायची लवचीक काठी, करायला बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवायचा उद्योग कशाला, असं वर कुणीतरी म्हटलंय. साध्या गळाच्या काठीला मानवेल ठीक आहे हो, उजनीवर चिलापी काढायला आम्हीपण तीच नेतो, पण फ्लाय रॉडचा सगळा जोर सालीलगतच्या दाट धाग्यांत असतो, म्हणून तर ६० अंशाच्या तिकोनी पट्ट्या रंधताना साल शाबूत ठेवून आतला गर काढतात. चीनच्या टोंकिन बांबूला मान आहे तो याच धाग्यांमुळे.

बाकी मागच्या रविवारी आम्ही चौघं सोलापुरात जमलो तेव्हा गल्लीतल्या बुरूड मामांना बोलावलं, त्यांनी कोयत्यानं बांबू उभा फाडला, न मोजता, गाठीपाशी वाकडी गेलेली पट्टी स्टोव्हवर फिरवून गुडघ्यावर दाबली, झाली सरळ. मी हीट गन घेऊन बसलेलो, माझ्या दोन पट्ट्या काळ्या पडल्या.