'इनपुट मेथड'ला मराठीत काय म्हणावं?

चिनी कळफलक कसे घडले यावरचा एक लेख मराठीत करतेय. 'इनपुट मेथड'पाशी, म्हणजे मोजक्या कळांवरून हवं ते अक्षर लिहिण्याच्या पद्धतीपाशी, गाडी अडली आहे. 'टंकनपद्धती' चालेल का? 'आदानपद्धती' हाही शब्द सापडला, पण तो वाचला की आहेराची यादी आठवते.

—

टंकनात कळ दाबली की तिच्यावरचं अक्षर उमटतं. चिनीत अक्षरं हजारोंनी आणि कळा मोजक्या, त्यामुळे कळ दाबून अक्षर आधी शोधावं लागतं. चिनी लेखक लिन युतांग यांनी १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये दाखवलेलं 'मिंगक्वाई' टंकयंत्र बघा. कळा ७२. एक कळ अक्षराच्या वरच्या भागासाठी, दुसरी खालच्या. दोन्ही दाबल्या तरी कागद कोराच! छोट्या खिडकीत जुळणारी जास्तीत जास्त ८ अक्षरं दिसायची, मग अंकाची कळ दाबली की हवं ते छापलं जायचं. मी तर 'निवडपद्धती' म्हणेन.

—

ते पिनयिनला, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीला, शोभेल. रोमनमध्ये 'शि' हा उच्चार टाइप केला की ढीगभर अक्षरं समोर येतात. आपलंही तेच, के-ए-एल-ए लिहिलं की फोन कला, काळा, कळा सगळं पुढे करतो. पण चू बांगफू यांची तैवानातली 'त्सांगज्ये' (१९७६) चालते आकारावर. ए कळेवर सूर्य, बी कळेवर चंद्र. ए-बी दाबलं की 'मिंग', म्हणजे उजळ. डी कळेवर झाड. दोनदा डी म्हणजे वन, तीनदा डी म्हणजे दाट अरण्य. वांग योंगमिन यांची वूबीही (१९८३) आकारावरच चालते, तिच्यात एका अक्षराला फार तर ४ कळा. यात मुरलेला माणूस यादीकडे फारसा बघतही नाही, मग निवड कसली? तो 'संकेत' झाला.

—

'लेखनपद्धती'त दोन्ही बसतील की! आणि लेखात 'चित्रलिपी' तेवढं नको, हात जोडते. 'मा' म्हणजे आई, या अक्षरात डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा. घोड्याचा आईशी काय संबंध? काही नाही, तो उच्चार सांगायला उभा आहे. बहुतेक अक्षरं अशीच, एक तुकडा अर्थाचा, एक उच्चाराचा. या तुकड्यांना 'घटक' म्हणा.

—

'घटक' घेतला. 'लेखनपद्धती' म्हटलं की लिपीच डोळ्यांपुढे येते, म्हणून सरळ 'इनपुट पद्धत' ठेवते. पिनयिन 'उच्चारावरून', त्सांगज्ये आणि वूबी 'आकारावरून'. खिडकीत येणाऱ्या 'कँडिडेट' अक्षरांना 'उमेदवार' म्हणू?

—

निवडणुकीला उभी आहेत का ती? 'पर्याय' लिहा.