हाडं कमी, रक्ताची वाट जास्त
'फार्मसीच्या अभ्यासक्रमात ॲनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) नावापुरतीच ठेवा' हे मत मला अर्धंच पटतं. २०६ हाडं घोकायला लावू नयेत, खरंय. पण औषध ज्या वाटेनं जातं, ती पक्कीच हवी. सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयविकारात छातीत दुखल्यावर घेतात ती गोळी, जिभेखाली का ठेवायची? तिथलं रक्त यकृत टाळून हृदयाकडे जातं. हीच गोळी गिळली तर आधी यकृतात जाते आणि बरंचसं औषध तिथंच संपतं.

आमच्या सोलापुरात मेडिकलवर आज्जी विचारतात, "बाळा, इन्सुलिन रोज एकाच जागी टोचलं तर चालतंय का रे?" गाठ होते, औषध नीट शोषलं जात नाही, हे काउंटरवरच्या फार्मसीच्या पोराला सांगता यायला हवं. नेफ्रॉनला, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या बारीक नळीला, तर मी शिकवताना अख्खा आठवडा देईन. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध त्यात नेमकं कुठं काम करतं, ते आकृतीवर बोट ठेवून दाखवता आलंच पाहिजे.