कोल्हापूरच्या पुरात गोकुळ शिरगावहून बावड्याला चालत यायचं, तर कुठून?

बावडेकरीण:
गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला आहे, घर कसबा बावड्यात. २०२१ च्या जुलैत पाणी चढलं त्या दिवशी कंपनीची बस आलीच नाही. एकानं स्टेशनपर्यंत सोडलं. पुढं व्हीनस कॉर्नरचं पाणी बघून मागं फिरले आणि रात्र मैत्रिणीकडं काढली. घरात सासूबाई आणि पोरगं, फोन लागत नव्हता. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आता पावसाळ्याआधी चालत यायचा रस्ता ठरवून ठेवायचाय. कुणी सांगेल का?

रिक्षावाले काका:
वैनी, शाहूपुरीकडं उतरायचंच नाही. पंचगंगा चढली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जात नाही, उलटं मागं फुगतं. म्हणून नदी लांब असली तरी व्हीनस कॉर्नर बुडतो. उजळाईवाडी, शाहू नाका, टेंबलाई, कावळा नाका, मग लाईन बाजारवरनं बावडा, असं वरच्या अंगानं या. लांब पडतं, पण चढाचा रस्ता आहे. साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, गटाराचं झाकण निघालेलं दिसत नाही. आणि एखाद्या रविवारी आधी चालून बघा, रिक्षातनं सगळं जवळच वाटतं.

शिरोली शिफ्ट:
तुमचं तरी बरं, वाटेत नदी नाही. माझं काम शिरोलीत, मधे पंचगंगा. २०१९ ला हायवे बंद पडला तो काही दिवस सुटलाच नाही. तिथं चालत यायचा नाद करायचाच नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. मी ३९ ऐकलं की साहेबाला सांगून निघतो. वर राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात, ते कुणाची वाट बघत नाहीत. उशीर झालाच तर हातकणंगल्यात मावशीकडं. घरात सांगून ठेवलंय, फोन नाही लागला तर मी तिथं आहे असं समजा.

बावडेकरीण:
काका, काल चालून आले. तीन तास दहा मिनिटं. कावळा नाक्यापर्यंत मजेत होते, पुढं नव्या चपलेनं टाच सोलली. आता जुने बूट, टॉर्च आणि शेंगदाण्याचे लाडू कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवणार. मावशीची युक्ती पण उचलली, फोन नाही लागला तर मी मैत्रिणीकडं.
सासूबाई म्हणाल्या, एवढं चालण्यापेक्षा ३९ फुटाला रजाच टाक की गं.