मदत हवी आहे: हवा उतरणारी बस सकाळी सोडायची का?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितोय. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल केलं, आता तीन वर्षं एका ठेकेदाराच्या बस-वर्कशॉपात रात्रपाळीला आहे. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, इथे कोण कोणाचा मेव्हणा निघेल सांगता येत नाही. वर्कशॉपात सगळं बोलणं हिंदीतून, त्यामुळे मधेच इंदुरी घुसली तर चालवून घ्या.

राऊकडून पहाटे पहिली फेरी करणारी एक जुनी गाडी आहे. रात्री उभी करताना ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा ८ किलोवर असतो, पहाटे चार वाजता शून्यावर. स्टार्ट करून हवा भरायला बाकीच्या गाड्यांच्या दुप्पट वेळ घेते. मी पिटमध्ये उतरलो, हेल्परला पेडल दाबून धरायला सांगितलं, तर मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक चेंबरमधून (हवेच्या जोरावर ब्रेक लावणारा डबा) सुस्स आवाज. साबणाचं पाणी टाकलं, फेसच फेस. पेडल सोडलं की आवाज बंद. म्हणजे सर्व्हिस बाजूचा, म्हणजे पेडलच्या ब्रेकचा, डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलाय, असा माझा अंदाज.

सुपरवायझर म्हणाले, "भिया, निकाल दे, शाम को देख लेंगे." त्यांचं म्हणणं, हवा अगदीच गेली तर मागचा स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, गाडी जागेवर थांबते, मग धोका कसला? वर फिटनेस सर्टिफिकेटची मुदत अजून शिल्लक आहे. जॉबकार्डावर 'तपासले, ठीक' लिहून सही करायला लावली. मी केली. गाडी संध्याकाळी सुखरूप परत आली, पण त्या दिवशी मला झोप लागली नाही. आणि डायफ्राम काही बदलला गेला नाही.

परवा पुन्हा तेच. या वेळी मी सही केली नाही. अर्धा तास वाद झाला, मग दुसरी गाडी काढली, ती पन्नास मिनिटं उशिरा निघाली. आता खरी गोची सांगतो. त्या पहिल्या फेरीला माझी आईच असते. राजेंद्रनगरला चढते, भंवरकुआंला कोचिंगच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या करते. सहाला पोचली नाही तर दुसरी बाई लावतात. घरी आल्यावर म्हणाली, "तुमच्या त्या हवेपायी माझा आज खाडा झाला." तिच्याबरोबर स्टॉपवर धुणीभांडी करणाऱ्या सात-आठ बायका होत्या. रिक्षाला दीडशे रुपये द्यायची ऐपत असती तर त्या बसची वाट बघत बसल्या असत्या का?

तर विचारायचं असं, की किती हवा उतरली म्हणजे गाडी थांबवायचीच, याचा काही पक्का आकडा आहे का? आणि सही न करता, भांडणही न करता, कार्डावर लिहायचं काय? नोकरी घालवायची नाहीये.

जुनाफिटर:
बाळा, मी एसटीत फिटर होतो, आता निवृत्त. तुझा अंदाज बरोबर वाटतो. पेडल दाबल्यावरच गळते म्हणजे सर्व्हिस डायफ्राम. पण रात्रभरात काटा शून्यावर जातो ती गळती वेगळी असणार, कारण रात्री पेडल कोणी दाबून बसत नाही. हवेच्या टाकीतलं पाणी काढायचा ड्रेन व्हॉल्व्ह, जोड, नळ्या, सगळीकडे साबण फिरव.

चाचणी अशी कर. पूर्ण हवा भर, चाकांना ओंडके लाव, पार्किंग ब्रेक सोड, इंजिन बंद कर, पेडल दाबून धर. पहिला झटका जाऊ दे, मग घड्याळ लावून एक मिनिट काटा बघ. अमेरिकेत एकट्या गाडीला मिनिटाला ३ पीएसआय, म्हणजे साधारण ०.२ किलो, इतकीच सूट देतात. तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तो धर.

सुपरवायझरचं स्प्रिंग ब्रेकचं म्हणणं अर्धंच खरं. गाडी थांबेल, पण कुठे? भर चौकात मागची चाकं जाम होऊन. शिवाय शहरात दर शंभर मीटरला ब्रेक. प्रत्येक दाबाला हवा वाया जाते आणि मागच्या डाव्या चाकाला जोर कमी मिळतो, गाडी एका अंगाला ओढते. हे सगळं हवा कमी झाल्याचा बझर वाजायच्या आधी.

एक गोष्ट दरडावून सांगतो. तो चेंबर डबल (पेडलचा आणि स्प्रिंगचा ब्रेक एकत्र) असेल तर आतली स्प्रिंग केजिंग बोल्टने दाबून आवळल्याशिवाय सर्व्हिस बाजूची क्लॅम्पही सोडू नकोस. आणि स्प्रिंगच्या बाजूची क्लॅम्प तर कधीच उघडायची नाही. माणूस जातो.

कायदाबियदा:
मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. दोष ठाऊक असून किंवा साध्या काळजीने कळला असता अशी धोकादायक गाडी जो चालवतो, किंवा चालवू देतो, तो गुन्हेगार. 'ठीक' लिहून सही केलीत तर उद्या कागद तुमच्याकडे बोट दाखवेल. फिटनेसचं म्हणाल तर आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांनी होतं, पुढे दरवर्षी. ते तपासणीच्या दिवसापुरतं, परवाच्या पहाटेचं नाही.

कार्डावर मत लिहू नका, माप लिहा: वेळ, काटा किती, मिनिटात किती उतरला, गळती कुठे. 'ठीक' आणि 'नाही' दोन्ही नको. खाली 'सुपरवायझरांना सांगितले' आणि वेळ. मोबाइलवर फोटो.

पोहेजिलबी:
सोडा हो असली नोकरी. कार शोरूमला जा, एसीत काम.

धागाकर्ता:
@पोहेजिलबी, शोरूमच्या गाडीत माझी आई बसत नाही :)

@जुनाफिटर काका, तुम्ही म्हणालात तशी चाचणी काल केली. मिनिटात अर्ध्या किलोच्या वर उतरली. आणि रात्रीची गळती ड्रेन व्हॉल्व्हलाच निघाली, आत गंजाचं चिखलपाणी. रोज पाणी काढायचं कुणाचं काम, यावर इथे कोणीच बोलत नाही.

जुनाफिटर:
ते तुझंच काम समज. आणि चाचणी पहाटे चारला कशाला करतोस? रात्री गाडी आत आली की दारातच कर, ड्रायव्हर उतरायच्या आधी. त्याला विचार, आज कुठे ओढत होती का. रात्री दहाला दोष कळला तर हातात सहा तास असतात. पहाटे कळला तर फक्त भांडण.

धागाकर्ता:
काका, हे आधी कसं सुचलं नाही! आज रात्रीपासून गेटवरच करतो. कालच्या कार्डावर नुसती मापं लिहिली. सुपरवायझरनी वाचलं, काही बोलले नाहीत, पण स्टोअरवाल्याला डायफ्राम आणायला पाठवलं. केजिंग बोल्ट मात्र आमच्याकडे नाही, तो आला की मगच चेंबरला हात लावणार. तोवर ती गाडी उभी, बदली गाडी पहिल्या फेरीला लावलीय. आईला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. उद्या ५:४०ला बस आली तर तिला कळेलच.